विद्यापीठाला विषय कोणी दिले?

१९४५ साली परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून एक शोधनिबंध बाहेर पडला. डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी त्यात कर्करोगाचा संबंध माणसांच्या रोजच्या सवयींशी लावला होता. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी आवळून तिथली त्वचा घासली जाते, तिथे होणारा कर्करोग हा त्यातला एक प्रकार. त्याच काळात शहराच्या दक्षिण टोकाला, विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात, गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली अक्षयकुमार देसाई भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी मांडत होते. त्यांच्या आधी इरावती कर्व्यांनी तिथेच चित्पावनांवर, तर एम. एन. श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या विवाहसंस्थेवर प्रबंध लिहिला होता. दुर्गा भागवतांनी एम.ए.साठी बौद्धांचा आद्य न्यायविचार निवडला होता, आणि त्यांची बहीण कमला सोहोनी केंब्रिजची पदवी घेऊन परतल्यावर पुढे मुंबईच्या विज्ञानसंस्थेत नीरेतली पोषणमूल्ये तपासू लागली. धोतर, जात, बौद्ध न्याय, माडाची नीरा. चार-पाच मैलांच्या पट्ट्यात इतके विषय एकत्र नांदले, की त्याचे श्रेय आपण सहज विद्यापीठ नावाच्या संस्थेला देऊन मोकळे होतो. माझे म्हणणे वेगळे आहे. मुंबई विद्यापीठाने संशोधनाला शिस्त दिली, पदवी दिली, परीक्षक दिले. विषय मात्र बहुतांशी गिरगाव ते परळ या वस्त्यांनी, तिथल्या सभांनी, ग्रंथालयांनी, रुग्णालयांनी आणि साथींनी दिले. विद्यापीठ पुष्कळ वेळा वीस-तीस वर्षे उशिरा आले, आणि काही ठिकाणी आलेच नाही.

याचे पहिले कारण संस्थेच्या घडणीतच आहे. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीचे होते. त्याचे काम परीक्षा घेणे, महाविद्यालयांना संलग्न करून घेणे आणि पदव्या देणे एवढेच. शिकवणे महाविद्यालयांकडे, आणि शोध घेणे तर कोणाकडेच नाही. रानडे आणि भांडारकर ज्या पहिल्या तुकडीत १८६२ साली बी.ए. झाले, त्या तुकडीला विद्यापीठाचा एकही प्राध्यापक शिकवायला नव्हता, कारण विद्यापीठाला प्राध्यापकच नव्हते. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून १८७८ साली राजाबाई मनोरा आणि त्याखालचे ग्रंथालय पुरे झाले, तेव्हाही ज्ञान साठवायला जागा झाली होती. ते निर्माण करायची जबाबदारी कोणी घेतलेली नव्हती. १९०४च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली, तरी पहिला भक्कम विभाग उभा राहायला १९१९ साल उजाडले. म्हणजे स्थापनेनंतरची साठेक वर्षे मुंबईत जे संशोधन झाले, ते विद्यापीठाच्या छपराबाहेर झाले. ते कुठे झाले हे पाहिले की पुढचे सगळे नीट उलगडते.

ते आधी विद्यार्थ्यांच्या सभेत झाले. विद्यापीठाच्या नऊ वर्षे आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. निबंध वाचायचे, त्यावर वाद घालायचा, ही तिची रीत. त्याच वर्षी तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, कारण इंग्रजीत चाललेली चर्चा घरापर्यंत पोचत नव्हती. मराठी शाखा ती उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. १८५० पासून निघालेले ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक याच वर्तुळातले. हे तरुण फक्त निबंध वाचून थांबले नाहीत. दादाभाई नवरोजी आणि त्यांचे सोबती घरोघरी जाऊन मुलींना शिकवू लागले, आणि १८४९ साली मुलींच्या शाळा निघाल्या. जगन्नाथ शंकरशेटांनी गिरगावात आपल्या आवारात शाळेला जागा दिली. मुलींनी शिकावे की नाही हा त्या काळचा निबंधाचा विषय होता. या विद्यार्थ्यांनी सकाळच्या वेळी विनावेतन वर्ग घेऊन तो विषय कागदावरून उचलला. त्याच परिघातले गोविंद नारायण माडगावकर हे मिशनच्या शाळेतले शिक्षक. त्यांचे विषय पाहावेत: कर्ज काढून सण साजरे करण्याची खोड, दारू, शरीराची स्वच्छता, नव्याने आलेली आगगाडी. या सगळ्यातून १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ आला. शहराच्या बाजारांपासून देवळांपर्यंत आणि धंद्यांपासून जातींपर्यंत सगळे एका मराठी शिक्षकाने एका पुस्तकात आणले. तेव्हा विद्यापीठात नागरी समाजाचा अभ्यास हा विषय नव्हता. व्हायला अजून छप्पन्न वर्षे होती.

भाऊ दाजी लाड यांचे उदाहरण याहून बोलके. काठेवाडातल्या बालिकाहत्येवरच्या निबंधाला त्यांना १८४७ साली बक्षीस मिळाले, नंतर ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले, भावाबरोबर गरिबांसाठी दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर देशी वनस्पतीचा प्रयोग केला, आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचले, नाणी जमवली, कालिदासाचा काळ कोणता यावर एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. आजच्या कोणत्याही विद्यापीठात हा माणूस चार विभागांत वाटला गेला असता आणि प्रत्येकाने त्याला ‘हे तुमचे क्षेत्र नव्हे’ असे सांगितले असते. त्याच्या काळी विभागच नव्हते, म्हणून विषयांना कुंपणही नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सभांतले निबंध म्हणजे हौस. तिला संशोधन कसे म्हणायचे? पुराव्याची तपासणी नाही, पद्धत नाही, चूक दाखवून देणारा परीक्षक नाही. आक्षेप निम्मा खरा आहे. माडगावकरांच्या ग्रंथात ऐकीव माहिती आहे, आणि ज्ञानप्रसारकातले पुष्कळ लेखन इंग्रजी पुस्तकांवरून घेतलेले आहे. पुराव्याची कडक शिस्त मराठी माणसाने ज्यांच्याकडून घेतली, ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर विद्यापीठाचेच पदवीधर, आणि १८७७ साली त्यांनी संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषांवर जी व्याख्याने दिली, तीही विद्यापीठाच्याच विल्सन व्याख्यानमालेत. हे श्रेय विद्यापीठाकडून काढून घेण्याचे कारण नाही. पण ही व्याख्यानमाला जॉन विल्सन यांच्या नावाची होती, आणि विल्सन हे १८३२ साली गिरगावात इंग्रजी शाळा काढणारे मिशनरी. पुढे चौपाटीवर उभे राहिलेले महाविद्यालय त्याच शाळेतून वाढले. म्हणजे भांडारकरांच्या शिस्तीला जो कच्चा माल मिळाला, तोही शहरातल्या मिशनरी, पंडित आणि सभा यांच्या पन्नास वर्षांच्या खटपटीतून आलेला. हौशी निबंध प्रबंधाच्या तोडीचा नसेल, पण कोणत्या प्रश्नाकडे पाहायचे हे त्यानेच ठरवले. आणि प्रश्न ठरवणे हे संशोधनातले लहानसहान काम नव्हे.

मराठीचे प्रकरण तर याचा सरळ पुरावाच आहे. सुरुवातीला परीक्षांत असलेली मराठी वरच्या वर्गांच्या परीक्षांतून लवकरच बाहेर पडली. रानड्यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत देशी भाषांना विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून खटपट केली. थोडेफार यशही आले. पण तोवर मराठीच्या अभ्यासकांनी वाट पाहायचे सोडून दिले होते. १८९८ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले ते लोकांच्या वर्गणीवर. त्याच संस्थेने १९४८ साली मराठी संशोधन मंडळ स्थापन केले आणि अनंत काकबा प्रियोळकरांना संचालक नेमले. प्रियोळकरांनी जुन्या हस्तलिखितांवरून पाठशुद्ध आवृत्त्या काढण्याची शिस्त मराठीत रुजवली, दादोबा पांडुरंगांचे चरित्र सिद्ध केले, भारतातल्या छापखान्यांचा इतिहास लिहिला. विद्यापीठात मराठीचा स्वतंत्र विभाग आला १९६९ साली. म्हणजे दादर-नायगावच्या एका ग्रंथसंग्रहालयाने जे काम हाती घेतले, ते विद्यापीठाने एकवीस वर्षांनी घेतले, तेही महाराष्ट्र राज्य होऊन नऊ वर्षे उलटल्यावर. महाविद्यालयांतून मराठी शिकवली जात होती हे खरे. पण मराठी शिकवणे आणि मराठीचा शोध घेणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातली बरीच वाट दादरच्या ग्रंथसंग्रहालयाने एकट्याने तुडवली. पांडुरंग वामन काण्यांचेही असेच. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात लिहिले गेले, ते गिरगावात राहून आणि उच्च न्यायालयातली वकिली सांभाळून. विद्यापीठाने त्यांना १९४७ साली कुलगुरू केले, हा विद्यापीठाचा चांगुलपणा. पण त्या ग्रंथाचा विषय, वेळ आणि श्रम यांपैकी काहीही विद्यापीठाचे नव्हते.

गिरगावातून परळकडे सरकले की पुस्तकांची जागा रोगांनी घेतलेली दिसते. १८९६ साली मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका खोलीत लस बनली, जानेवारी १८९७ मध्ये हाफकिननी ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. गव्हर्नरसाहेब मलबार हिलवर राहायला गेले आणि त्यांच्या जुन्या बंगल्यात जंतू वाढू लागले, या अदलाबदलीवर त्या काळच्या परळकरांनी काय शेरे मारले असतील याची कल्पना करता येते. इथे दुसरा आक्षेप उभा राहतो. प्लेगवरचे संशोधन वस्तीसाठी झाले की व्यापारासाठी? मुंबई बंदर बंद पडले तर साम्राज्याचे नुकसान, म्हणून सरकारने पैसा ओतला. त्यात परळच्या चाळीचा काय वाटा? पैसा कोणाचा होता याबद्दल वाद नाही. पण पैशाने प्रयोगशाळा उभी राहते, विषय नाही. विषय उभा राहिला तो दाट वस्तीत, एका खोलीत आठ-दहा माणसे झोपणाऱ्या चाळींत, आणि सक्तीच्या झडतीला विरोध करणाऱ्या रहिवाशांत. लस ऐच्छिक हवी की सक्तीची, घरे रिकामी करायची की जाळायची, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नव्हतेच.

पुढच्या पिढीत हे नाते आणखी घट्ट झाले, आणि या वेळी त्यात सरकारपेक्षा शहराचा हात मोठा होता. १९२५-२६ साली परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय उभे राहिले, ते एका देणगीदाराच्या अटीवर, की शिकवणारे भारतीय असतील. गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात असलेल्या या रुग्णालयात रोगी म्हणून सगळे शहर येत होते, आणि डॉक्टर विद्यार्थ्यांना तेच शहर शिकवत होते. १९५२ साली याच महाविद्यालयातले वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली; जगभर तो आज ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणून ओळखला जातो. परळच्या रक्ततपासणीच्या टेबलावर न जुळणारे नमुने आले नसते तर हा गट सापडला नसता. १९४१ साली शेजारी उघडलेल्या टाटा मेमोरियलमध्ये खानोलकरांनी पारशी, गुजराती, महाराष्ट्रीय अशा समाजागणिक कर्करोगाच्या जागा वेगळ्या असतात हे दाखवले. पुढे १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि घसा-तोंडाचा कर्करोग यांचा संबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. पश्चिमेत तेव्हा सगळे लक्ष सिगारेट आणि फुप्फुसांवर होते. तंबाखू तोंडात धरून ठेवणे हा विषय सुचायला परळ-लालबागच्या पानपट्ट्या डोळ्यांसमोर असाव्या लागतात. १९६० साली खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण त्यांच्या संशोधनाचे विषय आधीच ठरलेले होते, आणि ते ठरवायला विद्यापीठाची समिती बसली नव्हती.

आता समाजशास्त्राकडे. माझ्या म्हणण्याला सर्वांत जड जाणारे उदाहरण हेच. १९१९ साली विद्यापीठाने नागरिकशास्त्र व समाजशास्त्र विभाग काढला आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना पहिले प्रमुख केले. विभागाच्या नावातले ‘नागरिकशास्त्र’ शहरासाठीच होते. पण १९२४ साली केंब्रिजहून आलेल्या घुर्ये यांनी सूत्रे घेतली आणि विभागाची नजर शहरावरून उठून जात, कुटुंब, आदिवासी, साधू, पोशाख, देवदेवता यांकडे वळली. घुर्ये मालवणचे, संस्कृतचे जाणकार. ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ १९३२ सालचे. मग विषय गिरगावने दिले हे कसे म्हणायचे? उलट, केंब्रिज आणि संस्कृत ग्रंथ यांनी दिले असे म्हणायला हवे. हा आक्षेप मी मानतो, पण पुरता नाही. घुर्ये यांचे विद्यार्थी कुठून येत होते ते पाहावे. म्हैसूरहून, गुजरातहून, कोकणातून आलेली ही मुले मुंबईत चाळीत किंवा वसतिगृहात राहत होती, आणि मुंबई हेच असे ठिकाण होते जिथे एका जिन्यावर पाच जातींची घरे आणि सात बोली ऐकू येत. गावाकडची जात गावात अदृश्य असते. ती दिसते शहरात आल्यावर, कोणाच्या खानावळीत कोण जेवते आणि कोणाला खोली मिळत नाही हे पाहिल्यावर. त्या दिसण्यातूनच जातीचा अभ्यास इथे बहरला, पुण्याच्या वाड्यात किंवा मद्रासच्या अग्रहारात तितका नव्हे. आणि हा विषय विभागाच्या भिंतीत राहिलाही नाही. १९४९ साली संघवी आणि खानोलकरांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजांच्या रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास छापला. घुर्ये ग्रंथांतून आणि मापांतून जे शोधत होते, ते परळच्या प्रयोगशाळेत रक्तातून तपासले जात होते. एकाच शहरात, एकाच दशकात, एकच प्रश्न दोन विद्याशाखांना पडला, याचे उत्तर केंब्रिजमध्ये सापडत नाही.

याच विभागाची आणखी एक आठवण ठेवण्याजोगी आहे. १९३०च्या दशकात घुर्ये यांनी मुंबईच्या मध्यमवर्गीयांच्या लैंगिक सवयींची पाहणी केली होती. हे धाडस मोठेच. पण त्याआधी दहाहून अधिक वर्षे रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले होते, त्यापायी विल्सन महाविद्यालयातली गणिताची प्राध्यापकी सोडली होती, आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून न्यायालयाच्या फेऱ्या सोसल्या होत्या. विषय आधी महाविद्यालयाबाहेर ढकलला गेला, गिरगावच्या एका मासिकात तग धरून राहिला, आणि मग विद्यापीठाच्या पाहणीत सभ्य वेषात परतला. मुंबईच्या विद्येचा इतिहास लिहिणाऱ्याने हा क्रम विसरू नये.

गिरण्यांच्या बाबतीत शहर आणि विद्या यांचे नाते दुभंगलेले दिसते, आणि तिथे विद्यापीठाची खरी परीक्षा झाली. गिरणीच्या मालकाला जे हवे होते, ते विद्यापीठाने नीट दिले. १८८७ साली सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्याला गेली. कापड हा तिथला मुख्य विषय. १९३३ साली विद्यापीठाने स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला, तोही वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी यांसाठी. पुढे तो माटुंग्याला स्थिरावला, आणि के. वेंकटरामन यांनी तिथून कृत्रिम रंगांच्या रसायनावर जगात मानला गेलेला ग्रंथ सिद्ध केला. म्हणजे गिरणीतल्या कापडाचा रंग विद्यापीठाचा विषय झाला. ते कापड विणणाऱ्या माणसाचे काय? १९२१ साली सरकारच्या कामगार कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहण्या सुरू केल्या. घुर्ये यांच्या विभागातून जी. आर. प्रधान यांचे मुंबईतल्या अस्पृश्य कामगारांवरचे पुस्तक १९३८ साली आले. तो अपवाद ठळक आहे आणि अपवाद म्हणूनच ठळक आहे. नागपाड्यात १९३६ साली समाजकार्याची टाटा संस्था सुरू झाली, पण १९५४ साली ती देवनारला गेली. मुंबईच्या गिरणी कामगारांवरचा मोठा इतिहास १९६५ साली मॉरिस डी. मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने लिहिला. गिरणगावच्या भांडवलशाहीचा आणि कामगारवस्तीचा सर्वांत खोल इतिहास १९९४ साली केंब्रिजमधून राजनारायण चंदावरकरांनी लिहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार ज्यात होते त्या संपाचा ग्रंथभर अभ्यास १९९२ साली ह्युब वान वेर्श या डच अभ्यासकाने छापला.

इथे माझ्याविरुद्ध सर्वांत नेमका सवाल विचारता येतो. वस्तीच विषय देते म्हणता, तर सर्वांत मोठ्या वस्तीचा विषय विद्यापीठाने का उचलला नाही? उत्तर असे की, वस्तीने विषय दिलाच होता. नारायण मल्हार जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून रात्रशाळा, वाचनालये, सहकारी पेढ्या चालवल्या. डॉ. आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहून १९१८ ते १९२० या काळात सिडनम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते. एका बाजूला रुपयाचा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला जिन्यातल्या शेजाऱ्यांचा प्रश्न, दोन्ही त्यांच्या टेबलावर होते. १९४६ साली त्यांनी सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला कामावर जाता यावे म्हणून. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक त्याच दशकात मैदाने भरवत होते. साहित्य, नोंदी, माणसे, प्रश्न, सगळे होते. नव्हता तो विद्यापीठाकडून उचलणारा हात. विद्यापीठाचे विभाग पुढे कलिन्याला गेले, आणि परळ-लालबागपासूनचे अंतर बसच्या तासाभराचे झाले. हे अंतर भूगोलाचे कमी आणि सवयीचे जास्त, असे मला वाटते. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणी कामगारांच्या तोंडून गिरणगावचा इतिहास टिपला आणि २००४ साली तो पुस्तकरूपाने आला, तेव्हा त्या दोघीही विद्यापीठाच्या कोणत्याही विभागात नव्हत्या.

नाटक आणि लोककला यांतही हीच उशिराची चाल दिसते. १९७४ साली दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमी उभी राहिली. तिचे पुष्कळ नट-दिग्दर्शक महाविद्यालयांच्या एकांकिकांतून आलेले विद्यार्थी होते. विद्यापीठाची नाट्यशिक्षणाची आणि लोककलेची अकादमी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. उशीर झाला म्हणून त्या वाईट नाहीत. चांगले काम करतात. पण ज्या विषयाला आज पाठ्यक्रम आहे, तो विषय कोणाच्या शाळेच्या भाड्याच्या सभागृहात वाढला हे त्या पाठ्यक्रमाच्या पहिल्या पानावर असायला हरकत नव्हती.

विद्यापीठांची प्रतिष्ठा मोजताना आज किती शोधनिबंध छापले आणि ते किती जणांनी उद्धृत केले हे पाहतात. या मापाने विषय निवडला की तो परदेशी नियतकालिकाला रुचेल असा निघतो, आणि परळच्या पानपट्टीसारखा विषय सुचणे अवघड होते. खानोलकरांनी त्या पानपट्टीचा विषय लंडनच्या नियतकालिकात छापला हे खरे, पण विषय लंडनला विचारून घेतला नव्हता. गिरगाव-परळच्या जुन्या चाळी आता पुनर्विकासात पाडल्या जात आहेत. त्यांच्याबरोबर चाळ कमिट्यांची इतिवृत्ते, गणेशोत्सव मंडळांच्या व्याख्यानमालांच्या पत्रिका, कामगार वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या, युनियनची पत्रके आणि गावकरी मंडळांचे हिशेब रद्दीत जात आहेत. ज्यांच्या माळ्यावर असे काही असेल त्यांनी ते रद्दीवाल्याला देण्याआधी जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवावे, आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी प्रबंधाचा विषय मागायला मार्गदर्शकाकडे जाण्याआधी या माळ्यांवर एकदा चढून पाहावे.